पाठ केलेले इंग्रजी शब्द ऐन वेळी तोंडात का येत नाहीत?

प्रश्न पाचोऱ्याहून आला आहे. विचारणाऱ्या ताई बी.कॉम. आहेत. रोज रेल्वेने अप-डाउन करून जळगावात ठिबकच्या साहित्याच्या एका गोदामात बिलिंग आणि डिस्पॅच सांभाळतात. गुजरात, मध्य प्रदेशच्या पार्ट्यांशी हिंदीत भागतं, पण आता दक्षिणेकडचे डीलरही फोन करतात आणि तिथे गाडी अडते. त्या लिहितात: ‘रोज डिक्शनरीतले २० शब्द अर्थासकट वहीत उतरवते, रात्री दोन-तीनदा वाचते. दोन वह्या भरल्या. फोन आला की एक शब्द सुचत नाही. किती शब्द पाठ केले म्हणजे बोलता येईल? इंग्रजी पेपर लावू का? आणि एखादं चांगलं ॲप सांगा.’ सोबत वहीच्या एका पानाचा फोटो आहे.

फोटो पाठवलात हे बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्या पानावरच आहे. पानावर ओळीने असे शब्द आहेत: अबेट, अबेयन्स, अबाइड, ॲब्जेक्ट, अबॉलिश. समोर मराठी अर्थ, नीटनेटक्या अक्षरात. यातला ‘अबेयन्स’ तुम्हाला नोकरीत कधी लागणार? एखाद्या सरकारी पत्रात दिसला तर दिसला. लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या नळीचं, बंडल फुटून निघालं आणि समोरचा माणूस फोनवर तणतणतोय, तेव्हा यातला एकही शब्द कामाचा नाही. डिक्शनरी अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते, गरजेच्या क्रमाने नाही. ती शब्द शोधायला असते, पहिल्या पानापासून पाठ करायला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हे पाचही शब्द दिसायला आणि ऐकायला एकसारखे आहेत. एकाच रात्री, एकाच पानावर, एकाखाली एक लिहिले की ते एकमेकांत मिसळणारच. सकाळी आठवतं ते एवढंच की ‘अब’पासून काहीतरी होतं. तुमच्या स्मरणशक्तीला यात बोल लावू नका.

आता किती शब्द, ते. हा प्रश्न फार जुना आहे. सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षकांना शिकवण्यात बरीच वर्षं घालवली होती. त्यांनी १९५३ मध्ये साधारण २,००० नेहमीच्या शब्दांची यादी काढली. त्याच धर्तीवर, कॉम्प्युटरने कोट्यवधी शब्दांचा मजकूर चाळून, २०१३ मध्ये नवी यादी आली. ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’ असं शोधलंत की ती फुकट मिळते. त्यात सुमारे २,८०० शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ९० टक्क्यांहून जास्त शब्द त्यातलेच असतात.

हे वाचून लगेच हुरळून जाऊ नका. उरलेले आठ-दहा टक्के शब्द म्हणजे बहुतेकदा बातमीचा किंवा पत्राचा नेमका मुद्दा असतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन आयुष्यभर याच विषयात काम करत आले. त्यांच्या हिशेबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे ‘डिलिव्हर’, ‘डिलिव्हरी’, ‘डिलिव्हर्ड’ हे सगळं मिळून एक. म्हणजे वाचनाचं उद्दिष्ट लांबचं आहे. फोनवर माल, गाडी, पैसे आणि तक्रार एवढं निभावणं जवळचं आहे, त्याला दोन हजार शब्द पुरून उरतात.

आणि ते बहुतेक तुमच्याकडे आहेत. ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’चा प्रिंट काढा आणि प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने करा. वाचल्यावर कळतो, ही पहिली खूण. हा शब्द घेऊन आत्ता, न थांबता, माझ्या कामातलं एक वाक्य तोंडाने बोलता येतं, ही दुसरी. बी.कॉम. झालेल्या माणसाच्या पहिल्या रकान्यात खुणाच खुणा पडतात. दुसऱ्यात पानभरात पाच-दहा. माझ्या संध्याकाळच्या बॅचला दुकानदार येतात, नर्सा येतात, रावेर-यावलकडची केळीच्या धंद्यातली मुलं येतात, भुसावळची रेल्वेतली येतात. सगळ्यांच्या कागदावर हेच दिसतं. नवा शब्द शोधायची घाई कुणालाच नसावी. ओळखीचा शब्द वापरात आणायचा, हेच काम आहे. बाजारात ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या भिंती रंगवणारे नेमकं उलट करतात, त्यांना रोज नव्या शब्दांची झेरॉक्स द्यायची असते.

वापरात आणायचा म्हणजे काय, यावर जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथे आहे.

इंग्रजी शब्द सुटा फिरत नाही. त्याचे ठरलेले सोबती असतात. ‘पेमेंट’ हा शब्द तुम्हाला येतो का, असं विचारलं तर तुम्ही हसाल. पण पार्टीला ‘पैसे सोमवारपर्यंत टाका’ हे इंग्रजीत सांगायचं तर? प्लीज मेक द पेमेंट बाय मंडे. पैसे जमा झाले: वी हॅव रिसीव्ह्ड द पेमेंट. तारीख उलटून गेली: द पेमेंट इज ओव्हरड्यू. साहेबांनी सही केली की पैसे सुटतील: द पेमेंट विल बी रिलीज्ड आफ्टर अप्रूव्हल. ‘मेक’, ‘रिसीव्ह’, ‘ड्यू’, ‘रिलीज’ हे शब्द तुम्हाला वेगवेगळे माहीत आहेत. ‘पेमेंट’च्या शेजारी ते बसतात, हे माहीत नाही. वहीत ‘पेमेंट म्हणजे रक्कम अदा करणे’ एवढंच लिहिलं तर त्यातलं काहीही हाती लागत नाही. तसंच ‘ऑर्डर’चं: प्लेस करतात, कन्फर्म करतात, कॅन्सल करतात, होल्डवर ठेवतात.

आपण चुकतो तेही बहुतेक सोबती निवडताना. मराठीत परीक्षा ‘देतात’, चहा ‘घेतात’, चूक ‘करतात’, डोकं ‘दुखतं’. तेच क्रियापद उचलून इंग्रजीत ठेवलं की ‘माय हेड इज पेनिंग’ तयार होतं. तिथे ‘आय हॅव अ हेडेक’ लागतं, चहाला ‘हॅव’, चुकीला ‘मेक’. आणि आपलं ‘लागणे’ तर भलतंच उद्योगी. जळगावहून धुळ्याला दोन तास लागतात: इट टेक्स टू अवर्स. गाडी भरायला चार माणसं लागतील: वी विल नीड फोर पीपल. भूक लागली: आय ॲम हंग्री. पोराला नोकरी लागली: ही गॉट अ जॉब. ‘लागणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच चुकीचा आहे. पूर्ण वाक्य घ्या आणि ते वाक्य इंग्रजीत कसं म्हणतात ते विचारा.

छोट्या क्रियापदांकडेही नीट बघा. ऑग्डेनच्या ८५० शब्दांत क्रियापदं फक्त १८ होती: कम, गो, गिव्ह, गेट, टेक, पुट, कीप, सेंड अशी. एवढ्यावर भागवता येतं असा त्याचा दावा होता. त्यात थोडी लबाडी होती म्हणा. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ यांचे अर्थ जोडून कुणालाही कळणार नाही, पण ते तीन ओळखीचे शब्द म्हणून खपवलं गेलं. धडा मात्र खरा आहे. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस ‘पोस्टपोन’पेक्षा ‘पुट ऑफ’ आणि ‘टॉलरेट’पेक्षा ‘पुट अप विथ’ जास्त सहज म्हणतो. डीलर म्हणाला ‘वी आर रनिंग आउट ऑफ स्टॉक’ (माल संपत आलाय) किंवा ‘कॅन यू लुक इन्टु इट?’ (जरा यात लक्ष घालता का?), तर त्यातला एकही शब्द अवघड नाही आणि तरीही डोक्यावरून जातो. अशा जोड्या एकेक शब्द म्हणूनच लिहून घ्या: रन आउट ऑफ, लुक इन्टु, सॉर्ट आउट, कॉल बॅक, होल्ड ऑन, सेंड बॅक. तुमच्या कामाला अशा पन्नासेक जोड्या पुरेत.

आता वहीचं काय करायचं. डिक्शनरी बाजूला ठेवा आणि उद्यापासून गोदामातल्या दिवसातून शब्द काढा. कुठला फोन अडला? कुठलं वाक्य मराठीत डोक्यात आलं पण इंग्रजीत बाहेर पडलं नाही? ते वाक्य तिथल्या तिथे चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहून ठेवा. संध्याकाळी त्याचं इंग्रजी शोधा. रोज पाच-सात वाक्यं, त्यापुढे एकही नको.

वहीऐवजी चिठ्ठ्या करा. आपल्याकडे लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा ढीग पडलेला असतो. कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग, मागच्या बाजूला इंग्रजी वाक्य. उदाहरणार्थ, पुढे: ‘पार्टी विचारते माल कुठे आहे, गाडी काल रात्री निघाली, उद्या दुपारपर्यंत पोहोचेल.’ मागे: द ट्रक लेफ्ट लास्ट नाइट. इट शुड रीच यू बाय टुमारो आफ्टरनून. पुढे: ‘बारा एमएमचे दोन बंडल कमी आले म्हणतात, बघून अर्ध्या तासात फोन करते.’ मागे: लेट मी चेक. आय विल कॉल यू बॅक इन हाफ ॲन अवर. चिठ्ठी नेहमी मराठी बाजूने बघायची, इंग्रजी तोंडाने बोलायचं, मग उलटायचं. इंग्रजी बाजू आधी वाचून ‘हो हो, कळलं’ असं करत बसलात तर पुन्हा जुन्याच वाटेने जाल.

यामागचं कारण ऐका. रोडिगर आणि कार्पिके या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून बाकीचा वेळ न बघता आठवण्यात घालवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवणारे पुढे गेले. तुमचं नेमकं हेच होतंय. रात्री वही मिटताना सगळं पाठ असतं, म्हणून अभ्यास झाला असं वाटतं. आठवण्याचा सराव मात्र कधी झालेलाच नसतो, आणि फोनवर तेवढंच करायचं असतं.

उजळणी कधी करायची, हेही ठरलेलं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये मांडला. पहिल्या दिवशीच सर्वात जास्त गळतं, नंतर गळती मंदावते. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री, मग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. याचा हिशेब डोक्यात ठेवायची गरज नाही. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात त्याची सोपी रीत दिली. मिठाईच्या डब्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की कितव्याही कप्प्यातून परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. जळगाव सोडल्यावर शिरसोली-म्हसावद येईपर्यंत पहिला कप्पा उरकतो. उरलेल्या वाटेत निवांत बसा. गाडीत मोठ्याने बोलायची लाज वाटत असेल तर ओठ हलवा, पण नुसतं मनात म्हणू नका, जिभेला वळण पडायला हवं.

एक सावधगिरी. बाजारातली पुस्तकं भाज्यांची नावं एका पानावर, रंग एका पानावर, विरुद्धार्थी शब्द एका पानावर असे गठ्ठे देतात. दिसायला छान, शिकायला वाईट. टॉम टिंकम या संशोधकाने १९९०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं की अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकवले तर जास्त वेळ लागतो आणि गोंधळही जास्त होतो. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकाच दिवशी शिकलेला माणूस पुढे कायम अडखळतो, कोणता घेण्याचा आणि कोणता देण्याचा. आधी ‘बॉरो’ पक्का करा: कॅन आय बॉरो युवर पेन? महिन्याभराने ‘लेंड’ला हात घाला. गठ्ठाच हवा असेल तर एका घटनेचा करा. पाइप गळतोय अशी तक्रार आली, तर ‘लीक’, ‘जॉइंट’, ‘फोटो पाठवा’, ‘बिल नंबर’, ‘रिप्लेस’, ‘चार्ज’ हे सगळं त्या एका फोनभोवती येतं. हे शब्द अर्थाने एकमेकांसारखे नाहीत, प्रसंग मात्र एकच आहे, म्हणून एकाला ओढलं की दुसरा येतो.

इंग्रजी पेपरचं विचारलंत. अग्रलेखापासून सुरुवात करायचा सल्ला सगळे देतात. तुम्ही तो ऐकू नका. ज्याला फोनवर ‘माल उद्या पोहोचेल’ म्हणता येत नाही त्याने अग्रलेखातला शब्दांचा फुलोरा घेऊन करायचं काय? मथळ्यांच्या नादालाही लागू नका, जागा वाचवायला त्यात ‘द’, ‘इज’ गाळलेले असतात आणि ती तोडकी वाक्यं तोंडात बसतात. जी बातमी सकाळी मराठीत वाचली तीच इंग्रजीत वाचा. कापसाचा भाव, हतनूर धरणाचे दरवाजे, क्रिकेटचा सामना. काय घडलं ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे शब्द आपोआप उलगडतात. पेपर विकत लावायची गरज नाही, मोबाइलवर एक बातमी पुरे.

त्याहून चांगला गुरू तुम्हाला रोज फलाटावर फुकट भेटतो. रेल्वेची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी एकामागून एक होते. अर्थ आधी मराठीत सांगून ठेवलेला, मग तेच इंग्रजीत, संथ आणि स्पष्ट. ‘इज रनिंग लेट बाय’ एवढं उचला आणि ‘द ट्रक इज रनिंग लेट बाय टू अवर्स’ करा. ‘द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’ ऐकून ऐकून तुम्हाला पाठच असेल. डीलरला मेल लिहिताना त्याचंच ‘वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स’ होतं, आणि फोनवर ‘सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स’. गाडी उशिरा आली तर निदान एवढं तरी पदरात पडू द्या.

मराठी बोलताना आपण जे इंग्रजी शब्द वापरतो त्यांचीही एक यादी करा. व्हॉल्व्ह, फिल्टर, लोडिंग, स्टॉक, रिटर्न, बॅलन्स, डिस्काउंट. शे-दीडशे सहज निघतील, आणि त्यांची भीती मुळातच नसते. फक्त दोन गोष्टी तपासून घ्या. उच्चारात जोर कुठे येतो ते, आणि अर्थ सरकलाय का ते. आपण जेवायला हॉटेलात जातो, इंग्रजीत त्याला रेस्टॉरंट म्हणावं लागतं. हॉटेल म्हटलं की समोरचा मुक्कामाचं समजतो.

ॲपबद्दल थोडक्यात. ‘अँकी’ हे ॲप डब्याचंच काम करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे. चिठ्ठ्या मात्र स्वतःच्या वाक्यांच्या करा, दुसऱ्याचे तयार संच उतरवून घेतलेत की पुन्हा अबेट-अबेयन्स सुरू. अर्थ बघायला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांचेही मोबाइलवर फुकट बघता येतात. त्यात अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत असतो, उदाहरणाची वाक्यं असतात आणि उच्चारही ऐकता येतो. मराठी अर्थ बघायला काही हरकत नाही, खुशाल बघा. वाक्य मात्र तिथून उचला.

तुम्ही शेवटी एक वाक्य लिहिलंय, ‘घरी अहिराणी बोलतो, म्हणून इंग्रजी जड जात असेल का?’ अजिबात नाही. आपल्याकडचा माणूस घरी अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी शिकतो, बाजारात हिंदी, आणि सुरतेला दोन वर्षं काढून आला की गुजरातीही. माणूस बघून भाषा बदलायची सवय तुम्हाला लहानपणापासून आहे, ती शहरात एकाच भाषेत वाढलेल्या पोरापेक्षा जास्तच आहे. एक फरक तेवढा लक्षात घ्या. हिंदी कानावर दिवसभर पडते आणि मराठीला जवळची आहे, म्हणून ती चिठ्ठ्यांशिवाय आली. इंग्रजी तशी कानावर पडत नाही, म्हणून हा डब्याचा खटाटोप.

सुरुवात कुठून करायची तर तुमच्याकडे सर्वात जास्त येणाऱ्या तीन प्रकारच्या फोनपासून: माल कुठे आहे, माल कमी आला, पैसे कधी देणार. प्रत्येकाच्या दहा चिठ्ठ्या करा आणि डब्यातून फिरवा. मग एखाद्या ओळखीच्या, समजूतदार डीलरला स्वतःहून फोन लावा. समोरून अवघड फोन यायची वाट बघू नका, आपण लावलेल्या फोनमध्ये विषय आपल्या हातात असतो. अडलात तर ‘कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?’ ही चिठ्ठी डब्यात सगळ्यात आधी टाका. भरलेल्या दोन वह्यांतून तुमच्या कामाचे दहा-बारा शब्द निघाले तर त्यांची वाक्यं करून घ्या, आणि वह्या रद्दीत द्या.